नांगर का खपेना?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी वर्गाला एक काम दिले. आपल्या ओळखीचा कोणताही एक धंदा घ्यायचा, त्यातले काम पहिल्यापासून शेवटपर्यंत कसे पुढे सरकते ते कागदावर आखायचे आणि ते कोठे अडते ते शोधायचे. धंदा म्हणजे सुट्या माणसांचा आणि सुट्या वस्तूंचा ढीग नव्हे. ती एकमेकांत अडकलेली चाके आहेत, एक फिरले की दुसरे फिरते, असे सरांनी समजावून सांगितले. या विचारपद्धतीला सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात. मराठीत आपण तिला व्यवस्था-विचार म्हणू.

मला धंदा शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील अंधेरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मशीनवर होते. ते वर्कशॉप बंद झाल्यावर आईने पार्ल्यातल्या आमच्या दीड खोलीच्या घरात पोळीभाजीचे डबे सुरू केले. आई आणि एक मावशी स्वयंपाक करतात, मावशी डबे घासून भरतात आणि वडील सायकलवरून ते पोहोचवतात. रोजचे अडतीस डबे. गेल्या पावसाळ्यापासून डबे उशिरा पोहोचू लागले. दोन गिऱ्हाइके तुटली. घरात रोज सकाळी आवाज चढू लागले. डबे भरायचे काम मावशींचे, तेव्हा उशीरही त्यांचाच, हा निवाडा मीच केला होता. शिकलेला मुलगा सांगतो म्हणून आईने तो मानला. दिवाळीनंतर मावशींना येऊ नका म्हणून सांगण्यात आले. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. डबे मात्र पूर्वीइतकेच उशिरा जात राहिले.

अशा मनःस्थितीत मी कॉलेजच्या ग्रंथालयात लक्ष्मणराव किर्लोस्करांची माहिती वाचू लागलो. त्याचे कारण साधे होते. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीपासून जवळ. गावी जाताना पहाटे गाडी त्या स्टेशनात थांबली, की वडील न चुकता आम्हाला उठवीत. आजोबांच्या गोठ्यात एक गंजलेला लोखंडी नांगर अजून भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्यावरचे ओतीव नाव मी लहानपणी बोट फिरवून वाचले होते. त्या नावामागचा माणूस कोण, हे मात्र मला एकोणिसाव्या वर्षी कळले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमेना. त्यांना दोनच गोष्टींचा नाद होता : यंत्रे आणि चित्रे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठबळावर ते 1885 साली मुंबईला आले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार व्हायचे असे ठरले होते. परंतु काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. रंगांधळ्या माणसाने चित्रकार कसे व्हावे? दुसरा कोणी गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते यंत्रांची चित्रे काढण्याच्या शास्त्राकडे, म्हणजे यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते याच विषयाचे शिक्षक झाले. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती.

येथे मी वाचता वाचता थांबलो. यंत्राचे आरेखन म्हणजे काय? यंत्राचे नुसते बाह्यरूप काढून तेथे भागत नाही. कोणता भाग कोणाला फिरवतो आणि कोणता कोणाला अडवतो, हे रेषेने सांगावे लागते. सरांनी आम्हाला दिलेले काम याहून निराळे कोठे होते?

शिकवता शिकवता लक्ष्मणराव स्वतः शिकत राहिले. संस्थेच्या कारखान्यात मोकळ्या वेळी जाऊन त्यांनी यंत्रे हाताळली, परदेशी मासिके आणि कॅटलॉग वाचले. याच काळात, 1888 साली, भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या विकायच्या, अशी वाटणी होती. तेव्हा एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसालाही सायकल चालवता येत नसे! म्हणून रामुअण्णा पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायलाही शिकवीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सायकल विकणे हा धंद्याचा एक तुकडा झाला. चालवणारा तयार केल्याशिवाय पुढची सायकल खपत नाही, हा दुसरा तुकडा पहिल्याला जोडणे, हे धंद्याचे खरे ज्ञान.

1897 साली संस्थेत बढतीची वेळ आली. ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सायकलींच्या दुकानाशेजारी हळूहळू एक लहानसा कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे पहिल्या काळातले उत्पादन. त्यानंतर त्यांनी हाती घेतला लोखंडी नांगर.

आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती उलथीपालथी करीत नाही. लोखंडी नांगर खोल जातो, माती पलटतो, तणाची मुळे वर काढतो. परदेशी लोखंडी नांगर बाजारात येत होते, तसाच नांगर देशात करावा असे लक्ष्मणरावांनी ठरवले. सुरुवातीला चाळीस नांगर तयार झाले. आणि एकही खपेना! लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे म्हणजे काय, याचा विचार करा. घरातले पैसे ओतलेले, माल अंगणात पडलेला, कामगारांचा पगार दर महिन्याला दारात. अशा वेळी शेतकरी अडाणी आहे म्हणून त्याला दोष देणे सर्वांत सोपे होते. मी लक्ष्मणरावांच्या जागी असतो तर मी तेच केले असते. मावशींच्या बाबतीत मी तेच केले होते.

परंतु आपण नांगर का खपेना हा प्रश्न कागदावर आखून पाहू. वर्षातून एकदाच पीक घेणारा शेतकरी नव्या अवजारावर पैसे लावतो, तेव्हा तो अख्खा हंगाम पणाला लावतो. नांगर फसला तर वर्ष बुडाले. तेव्हा त्याच्या भीतीला विषाचे नाव असले तरी तिच्या मुळाशी हिशेब होता. लोखंडी नांगर खोल जातो, म्हणून ओढायला जड. त्याला दमदार बैल लागतात. बैल दमदार हवेत तर वैरण पुरायला हवी. नांगराचा फाळ झिजतो. गावचा सुतार लाकडी नांगर दुरुस्त करील, ओतीव लोखंडाचा फाळ त्याला कोठून करता येणार? म्हणजे सुटे भाग मिळण्याची खात्री नसेल, तर शहाणा शेतकरीही नांगर घेणार नाही. नांगर ही एक वस्तू वाटते, पण तिच्यामागे बैल, वैरण, सुतार, हंगाम, सावकार आणि शेजाऱ्याचे मत अशी साखळी आहे.

या साखळीकडे पाहिले म्हणजे लक्ष्मणरावांच्या कारखान्यातून निघालेल्या वस्तूंचा क्रम निराळाच अर्थ सांगू लागतो. कडबा कापला की वैरण वाया जात नाही. वैरण पुरली की बैल पोसला जातो. बैल पोसला की तो लोखंडी नांगर ओढतो. पुढे उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली, पाण्याचे पंप आले. नांगराची मागणी पेरणीपूर्वीच्या दिवसांची. चरकाची गळिताच्या दिवसांची. एका हंगामातला रिकामा भट्टीवाला दुसऱ्या हंगामात कामाला लागतो. हे सारे लक्ष्मणरावांनी आधीच आखून ठेवले होते असा माझा दावा नाही. पण शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामाचा फेरा त्यांच्या कारखान्याच्या फेऱ्यात मिसळत गेला, एवढे निश्चित दिसते. नांगर वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून ते तो सुधारत राहिले. एका शेतात माती पलटलेली दिसली, पीक दिसले, की शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहतो. ज्या शेजाऱ्याच्या मताने विक्री अडली होती, त्याच मताने ती पुढे ढकलली.

धंद्याला बरे दिवस येतात न येतात तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीच्या आखणीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. कारखाना हलवायचा कोठे? औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. कुंडल रोड नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनजवळची ती बत्तीस एकर जागा होती. जागा कसली, निवडुंगाचे रान! साप भरपूर, पाणी थोडे. 10 मार्च 1910 रोजी तेथे वसाहतीचा आरंभ झाला. तीच आजची किर्लोस्करवाडी.

या निर्जन जागी लक्ष्मणरावांच्या डोळ्यांसमोर केवळ शेडी आणि भट्ट्या असत्या, तर कामगार आठ दिवसांत पळाले असते. माळावर कारखाना चालवायचा म्हणजे कामगाराचे घर, पिण्याचे पाणी, किराणा, मुलांची शाळा हे सारे कारखान्याचेच भाग होतात. वसाहतीच्या व्यवस्थेचा भार रामुअण्णांनी उचलला. हिशेब रेग्यांकडे, यंत्रांचे काम जांभेकरांकडे आणि नव्या कल्पनांसाठी फळणीकर, अशी माणसे लक्ष्मणरावांनी जमवली. यांतल्या काहींच्या हाती मोठ्या पदव्या नव्हत्या. कोणत्या माणसाला कोठे बसवले म्हणजे तो फिरेल, हे त्यांना कळत असे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक ठेवला, आणि तोही त्या काळात! वाईट म्हणून गावाने टाकलेला माणूस योग्य जागी उभा केला की तो राखण करतो, हे त्यांनी करून दाखवले.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड, कोक, रंग यांचा पुरवठा तुटला. साखळीचे पहिलेच कडे निखळले. लक्ष्मणरावांनी कोकऐवजी लाकडी कोळसा वापरून पाहिला, रंग घरच्या घरी करवून घेतले. लोखंडासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. पन्हाळगडावरच्या मोडक्या तोफा त्यांनी वितळवण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडाने एकेकाळी गड राखला, त्याच लोखंडाचे नांगर झाले. पण तोफा नशिबाने मिळाल्या. आपला कारखाना किती दूरच्या दोरीला बांधलेला आहे, हा युद्धाने दिलेला धडा मोठा होता.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले. पुतणे शंकरराव त्याचे संपादक. आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी एवढाच त्याचा मूळ हेतू होता. पुढे ते महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे, नव्या विचारांचे मासिक झाले. त्याच्या पाठोपाठ 1930 मध्ये स्त्री आणि 1934 मध्ये मनोहर निघाले. नांगर करणाऱ्याने मासिक कशाला काढावे? मला वाटते, उत्तर त्या पहिल्या दोन वर्षांत आहे. लोखंडाने जमिनीला विष चढते हा समज नांगर सुधारून जात नाही. तो माणसांच्या बोलण्यातून आलेला असतो, माणसांशी बोलूनच जातो.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकून 1926 साली परत आले. पुढच्या पिढीने धंदा हरिहर, बंगलोर, पुणे येथे वाढवला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. ज्या संस्थेत शंतनुराव शिकले, त्याच संस्थेत 1956 सालीच जे फॉरेस्टर नावाचे अभियंते उद्योगांच्या अभ्यासाकडे वळले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका कारखान्यात काही वर्षे कामाची गर्दी होई आणि काही वर्षांनी निम्मी माणसे घरी बसवावी लागत. सगळे बाजाराच्या चढउताराला दोष देत. फॉरेस्टर यांनी मागणी, साठा आणि नोकरभरतीचे नियम कागदावर मांडले आणि दाखवले की हे झोके कारखान्याच्या आपल्याच निर्णयांतून निर्माण होऊ शकतात. सरांनी शिकवलेल्या विषयाचा एक मोठा झरा तेथून निघाला. लक्ष्मणरावांनी यातला एक शब्दही ऐकला नसेल. त्यांनी तो विचार नांगराच्या फाळाने केला होता.

लक्ष्मणरावांना एक राजा भेटला, एक भाऊ भेटला, दहा हजारांचे कर्ज मिळाले. सगळ्यांना हे मिळत नाही, आणि नुसता नकाशा काढून कोणी कारखानदार होत नाही. पण दोष पाहण्याची त्यांची रीत फुकट मिळते. ती मी घरी वापरून पाहिली.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी आमच्या डब्यांचा फेरा पेन्सिलीने काढला. प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन डबे आहेत. वडील दुपारी भरलेला डबा देतात आणि कालचा रिकामा घेतात, म्हणजे उद्या सकाळी तो भरायला घरात असतो. आता पावसाळ्यात काय झाले? पाण्यामुळे चारपाच दिवस काही डबे उशिरा पोहोचले. तोपर्यंत गिऱ्हाईक जागेवरून उठून गेले होते, म्हणून रिकामा डबा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी तेवढे डबे घरात कमी. मग वडील आधी अठ्ठावीस डबे नेत, रिकामे घेऊन परत येत, ते घासून भरले जात आणि मग दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीतले डबे पुन्हा उशिरा, म्हणून त्यांचे रिकामे पुन्हा अडकलेले. पाऊस केव्हाच संपला होता. उशीर स्वतःच्याच शेपटीला धरून फिरत राहिला होता. आणि मावशी? त्या रोज रिकाम्या डब्यांची वाट पाहत मोरीजवळ बसलेल्या असत. बसलेल्या दिसत, म्हणून मी त्यांना संथ ठरवले होते.

आम्ही बारा नवे डबे घेतले. उशिरा मिळणाऱ्या गिऱ्हाइकांना दोन आठवडे पहिल्या फेरीत घातले. फेरा सुटला. आता साडेअकराला वडील घराबाहेर पडतात, आणि एकदाच पडतात. सरांनी माझ्या कागदाला चांगले गुण दिले. ते मी घरी सांगितले तेव्हा आई काही बोलली नाही. तिच्या मनात काय आले ते मला समजले.

मावशींकडे मी गेलो. त्यांना तोवर दुसरीकडे काम लागले होते आणि परत येणे त्यांना शक्य नव्हते. मी कॅलेंडरचा कागद सोबत नेला होता. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून बोट ठेवून एकेक बाण समजावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि मग सांगितले की डबे कमी पडतात हे त्या आईला दोनदा बोलल्या होत्या. घाईत कोणी ऐकले नाही. मला कागद काढायला पंधरा दिवस लागले. ज्या बाईला विचारायला हवे होते, तिला विचारायला पाच मिनिटे लागली असती.

लक्ष्मणरावांच्या चरित्रातून मी घेतलेला धडा एवढाच आहे. काम अडले की आपले बोट आधी माणसाकडे जाते. ते बोट आवरून कामाच्या वाटेवर फिरवावे, आणि त्या वाटेवर रोज उभ्या असलेल्या माणसाला प्रथम विचारावे. येत्या मे महिन्यात गावी जाईन तेव्हा पहाटे किर्लोस्करवाडीला वडिलांनी उठवण्याआधीच मी जागा असेन. गोठ्यातला तो नांगर मात्र पुसून, तेल लावून ठेवायचा आहे. आजोबांना तो पहिल्यांदा घेताना भीती वाटली होती का, हे विचारायचे राहून गेले. आजी आहे, तिला विचारीन.